बेंचवर कोणाला बसवायचं

माझ्या नवऱ्याचा आवाज चांगला आहे. हायस्कुलात तो भूगोल शिकवतो, आणि शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगासुद्धा दचकून जागा होईल असा खणखणीत बोलतो. त्याच आवाजात गेल्या हंगामात दर शनिवारी संध्याकाळी पडवीत बसून तो फोनसमोर म्हणायचा, "नमस्कार मंडळी. उद्या बेंचवर कोणाला बसवायचं आणि कप्तान कोणाला करायचं, ते आता बघू." घरातली मालवणी सोडून अगदी पुस्तकी मराठीत. त्यातलं ते "मंडळी" मला आजही ऐकवत नाही. बाई उगाच आकांडतांडव करते आहे असं ज्याला वाटेल, त्याने थोडं पुढे वाचावं.

आमच्या दोडामार्गाकडे फुटबॉल नवा नाही. गोवा इतका जवळ की आमची निम्मी तरुण पोरं सकाळच्या बसने तिकडच्या कारखान्यांत जातात आणि काळोख पडायच्या सुमाराला परततात. येताना तिकडचा फुटबॉल अंगात भिनवून येतात. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत दर रविवारी हायस्कूलच्या मैदानावर आजूबाजूच्या आठ गावांचे संघ खेळतात. मीही जायची बघायला. आठवडाभर मालाची खोकी उचलून वाकलेली ती पोरं रविवारी वेगळीच दिसायची. तोवर सगळं छान होतं.

नवरा आणि त्याचे सात मित्र आधी फोनवर परदेशी संघांचा तो फँटसीचा खेळ खेळायचे. आपण घरी बसून खऱ्या खेळाडूंमधून आपला एक खोटा संघ जुळवायचा, आणि ते खेळाडू खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळायचे. त्या लांबच्या लोकांना हे कुठून ओळखणार, म्हणून सारखे हरायचे. मग एका पावसाळ्यात कोणीतरी म्हणालं की आपल्याच पोरांवर खेळू या. गोल केला तर पाच गुण, गोलकीपरने गोल होऊ दिला नाही तर चार, पिवळं कार्ड दाखवलं तर एक वजा, कप्तानाचे दुप्पट, बेंचवर बसवलेल्याचे शून्य. एकदा एकाने खेळाडू घेतला की तो दुसऱ्याला घेता येणार नाही. पैसे लावायचे नाहीत. हंगामाच्या शेवटी जो पुढे, त्याला बाकीच्यांनी कोंबडी-वड्यांचं जेवण द्यायचं. "पैसो नाय म्हणजे ह्यो जुगार नाय," असं आमच्याकडे फार अभिमानाने सांगितलं जायचं. पैसा नसला की माणूस किती खाली जाऊ शकतो ते मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं.

पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, त्याला ते ड्राफ्ट म्हणत. तो आमच्याच पडवीत झाला. नवऱ्याने चिठ्ठ्या तयार ठेवल्या होत्या, कोणाची पहिली पाळी ते ठरवायला. माझे चुलत सासरे आले, चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "देवळात पयलो नारळ आमच्या घराचो. मगे हंय चिठ्ये कित्याक?"

नवऱ्याने चिठ्ठ्या खिशात घातल्या. जत्रेला देवळात ज्या क्रमाने घराण्यांचे मान होतात, त्याच क्रमाने पाळ्या ठरल्या. चुलत सासरे पहिले, त्यांच्या मागून माझा नवरा, असं करत शेवटी पोस्टमन. त्याच्या घराला देवळात काहीच मान नाही. नवऱ्याने सांगायचा प्रयत्न केला की पहिल्या फेरीत जो शेवटी, त्याची दुसऱ्या फेरीत पहिली पाळी, असा या खेळाचा नियम आहे, म्हणजे कोणावर अन्याय होत नाही. चुलत सासऱ्यांना हसू आलं. "मान कधी उलटो फिरता काय रे?" झालं. चौदा फेऱ्या झाल्या आणि चौदाही फेऱ्यांत पोस्टमनाला उरलंसुरलं मिळालं. "माका चलात," एवढंच तो म्हणाला. आधी देवापुढे नारळ ठेवून यश मागणारं गाऱ्हाणंही घातलं होतं. देवाला हे ऐकून काय वाटलं असेल देव जाणे.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते एकेका पोराचं मोजमाप काढत होते. "त्येच्ये पोटऱ्ये बघ." "तेचो बापूस दमेकरी, तो काय पुरो येळ धावूचो नाय." "आवशीर गेलो, आईसारकोच, उंची नाय." मला वाटलं मी बैलबाजारात चहा वाटते आहे. अंगावर शिसारी आली. आणि तरीही, हे मला लिहिलंच पाहिजे, एका गोलकीपरचं नाव निघालं तेव्हा मी कपबशा ठेवता ठेवता म्हटलं, "तेचो खांदो गेल्या वर्सा निखाळलेलो. अजून वर होणा नाय." आठ पुरुषांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन त्या पडवीत कोणी कधी पाहिलं नव्हतं.

मला हे ठाऊक असण्याचं कारण, मी बाजारातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे पंधरा वर्षं मदतनीस आहे. नावं लिहून घेणं, एक्स-रेला आत नेणं, प्लास्टर भिजवणं, पट्ट्या बांधणं. पोरं मैदानावर पडली की आमच्याकडेच येतात.

त्यानंतर घरात एक बदल झाला. रात्री जेवताना नवरा मला विचारायला लागला, "आज काय झाला गो दवाखान्यात? दमलंस?" बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी ऐकला नव्हता. मी दवाखान्यातलं काही सांगायला लागले की तो ताटातले माशाचे काटे निवडत राहायचा, नाहीतर मध्येच उठून बातम्या लावायचा. आता तो हात वाळेपर्यंत बसून ऐकायचा. मी सांगत सुटले. अमक्याचा घोटा सुजलाय, तमक्याची बोटं चिमटली, रबराच्या बागेत पहाटे चीक काढायला जाणारा तो उंच पोरगा कंबर धरून आला होता. एक दिवस त्याने माझ्या अगोदर भांडी घासली. मी शेजारणीला ते सांगितलंसुद्धा, मोठ्या तोऱ्यात.

तिकडे त्याच्या शनिवारच्या सल्ल्याचं नाव होऊ लागलं. आमच्या आठ जणांचं बघून वाडीवाडीत असेच गट निघाले होते, त्याच पोरांवर. पार गोव्यातल्या कारखान्यांत आमच्या मुलांनी गट काढले. नवऱ्याचं शनिवारचं रेकॉर्डिंग फोनाफोनांवरून या सगळ्या गटांत फिरायचं, आणि सगळ्यांना त्याचा सल्ला हवा असायचा, कारण तो चुकायचाच नाही. "घोट्याची तक्रार दिसते, याला या रविवारी विश्रांती द्या." "याच्या कंबरेवर विसंबू नका." आपला स्वतःचा संघ तो शुक्रवारीच लावून टाकायचा आणि मग शनिवारी इतरांना सांगायचा. रस्त्यात लोक त्याला थांबवून विचारायचे. भूगोलाबद्दल त्याला आजवर कोणी रस्त्यात थांबवलं नव्हतं.

एका शनिवारी मी आत भाकऱ्या थापत होते आणि पडवीतून त्याचा आवाज आला, "विश्वसनीय सूत्रांकडून असं समजतं." मी हात थांबवून ऐकलं. ते सूत्र म्हणजे मी होते. आदल्या दिवशी जेवताना मी जे सांगितलं होतं ते शब्दाला शब्द तो गावभर वाटत होता. म्हणजे "दमलंस?" हे माझ्यासाठी नव्हतंच. मला त्याची किळस आली. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी गुदगुल्याही झाल्या. विश्वसनीय, असं मला कोण म्हणणार होतं? मी भाकरी उलटली. नंतर त्याला विचारलंही नाही, आणि सांगायचं थांबवलंही नाही. मी इतरांना नावं ठेवते आहे, पण हा माझा वाटा आधी मोजा.

नवऱ्याची ड्राफ्टमधली पहिली निवड म्हणजे पुढच्या फळीत खेळणारा एक पोरगा होता, तेवीस-चोवीस वर्षांचा. हंगामातले सगळ्यात जास्त गोल त्याचे. तीन वर्षं तो गोव्यातल्या एका कंपनीत कंत्राटावर पेट्या भरायचा. त्या कंपनीचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे, आणि संघात घेतलेल्या मुलांना कायम नोकरी देतात. त्याला चाचणीला बोलावलं होतं. पुढच्याच रविवारी सकाळी; गावचे सामने संध्याकाळी असायचे. आमच्याकडच्या मुलाला कायम नोकरी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लग्न ठरतं, घरावर स्लॅब पडतो, आणि दर सहा महिन्यांनी कंत्राटदारापुढे हात जोडावे लागत नाहीत.

तो गुरुवारी दवाखान्यात आला, सगळे पेशंट गेल्यावर. पायऱ्या चढतानाच मला कळलं. गुडघ्यावर पँट घट्ट बसली होती. डॉक्टरांनी गुडघा वाकवून, फिरवून पाहिला, एक्स-रेचा फोटो पाहिला आणि म्हणाले, "आतली गादी थोडी दुखावली आहे. फाटलेली नाही. ऑपरेशन वगैरे काही लागत नाही. तीन आठवडे धावायचं नाही, मग तू पहिल्यासारखा."

"माजी रयवारी चाचणी आसा."

"पुढची तारीख मागून घे. घरात कार्य आहे म्हणून सांग. या गुडघ्यावर रविवारी खेळलास तर मात्र मी काही करू शकणार नाही."

त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला की सोमवारी तो स्वतः जाऊन कंपनीच्या साहेबांना भेटेल, साहेब तसा बरा माणूस आहे, एक महिना पुढची तारीख देईल. या रविवारी आजीचं निमित्त सांगून टाळता येईल. मी पट्टी बांधत होते. तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "ताई, ह्या कोणाक सांगा नको हां. गुडघ्याचा नाव काढला तर ते माका उभोच करूचे नाय."

"नाय रे. माका काय कामां नाय?" मी म्हटलं.

घरी आले तर नवऱ्याने बांगडे साफ करून ठेवले होते. मी पाय धुतले, आत गेले, आमटीला फोडणी दिली. जेवायला बसलो. "आज कोण इल्लो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दोन म्हाताऱ्या आणि एक झाडावरून पडलेला. तो हसला. त्याला मी बावीस वर्षं ओळखते तसं तोही मला ओळखतो. म्हणाला, "बाजारात कोणीतरी बघल्यान म्हणे तेका, तुमच्या पायरेर. माका काय झाला ता सांगू नको. फकस्त येवढाच सांग, रयवारी मी तेका ठेवू काय नको?"

मी आमटीत डाव फिरवत राहिले. तो माझ्याकडे बघत राहिला, हातातला घास तसाच. इतका वेळ माझ्या तोंडाकडे त्याने लग्नात तरी बघितलं होतं का, मला आठवत नाही. आणि मी म्हटलं, "ठेवू नको."

दोनच शब्द. मी स्वतःला समजावलं की मी गुडघा म्हटलेलं नाही, मी काहीच सांगितलेलं नाही.

तो हात धुऊन लगेच बाहेर पडला. कुठे, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. गटात खेळाडूंची अदलाबदल करता यायची. तो पोस्टमनाच्या घरी गेला आणि आपला पहिला खेळाडू त्याला देऊन त्याच्याकडचे दोन धडधाकट खेळाडू घेऊन आला. चौदा फेऱ्या उरलंसुरलं घेतलेल्या पोस्टमनाला वाटलं, सरांनी आपल्यावर मेहेरबानी केली. त्याच्या बायकोने चहाबरोबर घावणे दिले. चुलत सासऱ्यांना हे सांगताना नवरा इतका हसत होता की त्याला ठसका लागला. तेही हसले. मी आतून ऐकत होते. ओरडून दोघांना पडवीतून हाकलून द्यावं असं वाटलं, आणि मी कांदा चिरत राहिले.

शनिवारी पुन्हा "नमस्कार मंडळी." आणि मग, "एक धक्कादायक बातमी. आपल्या सर्वांच्या आवडत्या गोल करणाऱ्या खेळाडूचा गुडघा गेला आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी बेंचवरच काय, संघातूनच काढावा."

गुडघा मी म्हटलं नव्हतं. तो त्याने आपल्या मनाने घातला, कारण पोराला पायऱ्या चढताना पाहिलेल्याने त्या घट्ट बसलेल्या पँटचं सांगितलं होतं. ते "गेला आहे" तेवढं त्याचं स्वतःचं. रात्रीपर्यंत लोकांच्या तोंडी त्याचं ऑपरेशन झालं. रविवारी सकाळी मला दुधाच्या डेअरीवर एकीने विचारलं की त्या पोराचा पाय कापला म्हणतात, खरं का? त्या सगळ्या गटांत दिवसभर एकच चाललं होतं, त्याच्या बदली कोणाला घ्यावं. एकाने लिहिलं होतं, "कचरो झालो." खाली बारा अंगठे. त्यातले चार-पाच शाळामास्तरांचे, हे मी नवऱ्याच्या फोनवर स्वतः पाहिलं.

पोरगा सोमवारी साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि आपल्या फोनवर माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकवला. पूर्ण, "नमस्कार मंडळी"पासून. मग सांगितलं की त्या जागी दुसऱ्याला बोलावलं आहे, तू गुडघ्याकडे बघ. तो डॉक्टरांचा कागद काढत होता, तीन आठवडे लिहिलेला. साहेबांनी तो वाचला नाही. हे सगळं पोस्टमनाने मला सांगितलं, पोराच्या घरी पत्र टाकायला गेला होता तेव्हा ऐकलेलं. सांगताना तो माझ्याकडे न बघता पिशवीतली पत्रं सारखी करत होता.

मी संध्याकाळी नवऱ्याला धरलं. जे तोंडाला आलं ते बोलले. तुमच्या जिभेने एका घराची नोकरी घालवली, म्हटलं. त्याने आधी पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाला, "माजी जीभ? माका कोणी सांगल्यान?" पुढे म्हणाला की कंपनीला उद्या कळलंच असतं, आणि शेवटी हा एक खेळ आहे, त्यात कोणाचा पैसा गेला नाही. मी ताट सरकवून उठले. त्याचा राग करायला मला जागाच ठेवली नव्हती त्याने. त्या रात्रीपासून आमच्याकडे जेवताना बातम्या चालू असतात.

कितीतरी वेळा ठरवलं की त्या पोराच्या घरी जायचं. एकदा निघालेही, पेढे घेऊन, मग वाटेत पेढ्यांचीच लाज वाटली आणि परतले. त्याच्या आईशी काय बोलणार होते? चूक झाली, असं? चुकून पाय घसरतो, जीभ नाही घसरत. मला त्या माणसाने घास हातात धरून माझ्याकडे बघत राहायला हवं होतं, आणि त्याची किंमत मी दुसऱ्याच्या गुडघ्यातून दिली. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते, पण त्यांनी विचारू नये म्हणून मी किती दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही ते मलाच माहीत.

तीन आठवड्यांनी तो तपासायला आला. शुक्रवार होता. निघताना दारात नवऱ्याने मला हटकलं होतं, चपला घालता घालता, सहज विचारल्यासारखं, "आज तो येतलो मा? गुडघो बरो झालो आसात तर सांग. पोस्टमन तेका फुकट सोडता." मी अंगणात थुंकले आणि निघाले.

दवाखान्यात पाच-सहा पेशंट होते. तो रांगेत बसला, सरळ चालत आत आला, टेबलावर पाय लांब करून बसला. मी कात्री घेऊन पुढे झाले, पट्टी सोडायला. हे काम पंधरा वर्षं माझंच. त्याने गुडघ्यावर हात ठेवला. माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे बघून शुद्ध मराठीत म्हणाला, जसं आमच्याकडे कचेरीत बोलतात तसं, "पट्टी तुम्हीच सोडा. आणि ताईंना बाहेर जायला सांगा."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. कात्रीसाठी हात मात्र पुढे केला. मी ती त्यांच्या हातात दिली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. बाकावरच्या पेशंटांनी मान वर करून पाहिलं, कारण आत पेशंट असताना मला बाहेर आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आत ते दोघं बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला ठाऊक नाही.